पाच सुया आणि गोल मांडलेल्या खुर्च्या

पंजाबात लुधियाना शहरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या नावाचे एक रुग्णालय आहे. सोलापूरच्या या शल्यविशारदाने चीनच्या युद्धभूमीवर जखमी सैनिकांची सेवा करता करता देह ठेवला, हे मराठी माणसाला, व्ही. शांतारामांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे का होईना, ठाऊक असते. तेव्हा त्यांच्या नावाच्या वास्तूत शस्त्रक्रियागृह असावे, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा. प्रत्यक्षात ते रुग्णालय ॲक्युपंक्चरचे, म्हणजे सुया टोचून करावयाच्या चिनी उपचाराचे आहे. कोटणिसांच्या हाती शल्यविशारदाची सुरी होती. त्यांच्या नावाच्या दारात सुई कशी आली? या साध्या कुतूहलाचा माग काढीत गेलो, तो रस्ता येनानच्या गुहांतून निघून न्यूयॉर्कच्या एका बदनाम रुग्णालयात आणि तेथून पुरात बुडालेल्या न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाऊन पोचला. युद्धात वा आपत्तीत होरपळलेल्या माणसांपुढे आपली कला घेऊन उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांचा हा इतिहास आहे. तो सरळ नाही, आणि सर्वस्वी गौरवाचाही नाही.

१९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते : पथकप्रमुख अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि बंगालचे बसू व मुखर्जी. १९३९ च्या प्रारंभी पथक येनानला पोचले. नाकेबंदीमुळे त्या प्रदेशात औषधांची भीषण टंचाई होती. कोटणीस पुढे नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, निवर्तले. बेथून यांच्याच नावाच्या येनानमधील रुग्णालयात एप्रिल १९४५ मध्ये ॲक्युपंक्चरचा दवाखाना उघडला गेला. आधुनिक पद्धतीच्या सर्वसाधारण रुग्णालयात या विद्येला मिळालेला हा पहिला प्रवेश, असे चिनी ग्रंथांत नोंदलेले आढळते.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' हे शब्द या उपचाराच्या प्रत्येक जाहिरातीत असतात. इतिहास वेगळे सांगतो. १८२२ मध्ये चिनी बादशहाने आपल्या राजवैद्यकाच्या संस्थेतून सुईला हद्दपार केले होते. १९२९ मध्ये कुओमिंतांग सरकारपुढे पारंपरिक वैद्यक मोडीत काढण्याचा ठराव आला होता, आणि देशी वैद्यांनी एकजुटीने विरोध केला म्हणून तो बारगळला. सुईला पुन्हा सन्मानाने आत घेतले ते कम्युनिस्टांनी, आणि त्यामागे परंपरेच्या अभिमानाइतकीच निकड होती. सुई स्वस्त असते, खिशात मावते, तिला बोटीने यावे लागत नाही. जेथे औषध नव्हते, तेथे ती उपयोगी पडली. जिला आपण प्राचीन म्हणतो ती विद्या आजच्या रूपात युद्धाच्या पोटी जन्मलेली आहे.

पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले आणि परतून कलकत्त्यात सुया टोचू लागले. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी कोटणीस स्मारक समितीचे पुनरुज्जीवन केले आणि तिच्यामार्फत ॲक्युपंक्चरचे शिक्षण देशभर पोचवले. लुधियानाच्या पाटीचे कोडे असे सुटते. मित्राचे स्मारक उभारताना बसूंनी पुतळ्याऐवजी उपचार निवडला. आपल्याकडच्या स्मारकप्रेमाच्या पार्श्वभूमीवर ही निवड मला फार मोलाची वाटते, असो.

आता कानाकडे वळू, कारण पुढची सगळी कथा कानाचीच आहे.

आपद्ग्रस्तांच्या छावण्यांत जो उपचार सर्वाधिक रूढ झाला, त्यात प्रत्येक कानात पाच बारीक सुया टोचतात आणि माणसाला अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसू देतात. हा उपचार 'प्राचीन चिनी' म्हणून ओळखला जातो. वस्तुतः कानाचा नकाशा काढला तो पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टराने, लियाँ शहरात, १९५० च्या दशकात. आपल्या काही रुग्णांच्या कानांवर डागल्याच्या खुणा त्याला दिसल्या. चौकशी केल्यावर कळले, की मार्सेयची कुणी वैदू बाई सायटिकावर कान डागते, आणि रुग्ण आराम पडल्याचे सांगतात. नोजिएने त्यावर विचार करून एक कल्पना मांडली : कान म्हणजे गर्भाशयात उलटा वळलेला अर्भक, पाळीच्या जागी डोके, वरच्या कडेकडे पाय. ही कल्पना नियतकालिकांतून चीनला पोचली, तेथे तिच्यावर चिनी संस्कार झाले आणि ती 'परंपरा' होऊन पश्चिमेत परतली. आपल्याकडे 'कान टोचल्याने बुद्धी तल्लख होते, हे आमच्या ऋषींना माहीत होते' असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. फ्रेंच बाईचा तापलेला डाग, फ्रेंच डॉक्टराची कल्पना आणि चिनी सुई यांचा हा संकर पाहिला, की कुठल्याही परंपरेच्या शुद्धतेविषयी बोलताना जीभ अडखळावी.

१९७२ च्या अखेरीस हाँगकाँगच्या क्वाँग वा रुग्णालयात डॉ. वेन नावाचे मेंदूचे शल्यविशारद एका रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी तयार करीत होते. बधिरतेसाठी कानात व हातात सुया टोचून त्यांतून सौम्य वीज सोडली. रुग्ण अफूचा व्यसनी होता. थोड्या वेळाने तोच म्हणाला, की अफू न मिळाल्याने होणारी तगमग थांबली आहे. वेन यांनी असे आणखी रुग्ण तपासले आणि १९७३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याची बातमी न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातल्या लिंकन रुग्णालयात काही तरुणांनी वाचली.

या तरुणांची ओळख करून दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. साउथ ब्राँक्स म्हणजे प्वेर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय गरिबांची वस्ती. हेरॉईनने, आपल्याकडच्या भाषेत गर्दने, पोखरलेली. लिंकन रुग्णालयाला वस्तीतले लोक 'खाटीकखाना' म्हणत. १४ जुलै १९७० च्या पहाटे 'यंग लॉर्ड्स' या प्वेर्तो रिकन युवकांच्या संघटनेने ते रुग्णालय सुमारे बारा तास ताब्यात घेतले. नोव्हेंबरमध्ये यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथर आणि काही व्यसनी व माजी व्यसनी मंडळींनी परिचारिकांच्या निवासातली जागा व्यापली आणि तेथे व्यसनमुक्तीचे केंद्र सुरू करून टाकले. अर्ज नाही, मंजुरी नाही. पहिल्याच दिवसापासून रांगा लागल्या, आणि व्यवस्थापनाला ते केंद्र मान्य करणे भाग पडले. (मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते याच ब्लॅक पँथरवरून. आपल्या पँथरचा हा न्यूयॉर्कमधला चुलत भाऊ असा वैद्यकाच्या मार्गाला लागला होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.)

सरकारी उपाय होता मेथाडोन : हेरॉईनच्या जागी रोज घ्यावयाचे दुसरे, अफूसारखेच काम करणारे औषध. केंद्रातल्या तरुणांच्या मते ही गुलामीची अदलाबदल होती. आपल्या वस्त्यांना गुंगीत ठेवणे सत्तेच्या सोयीचे आहे, असा त्यांचा राजकीय सिद्धान्त होता. कैदेत असलेल्या एका पँथरने त्याच सुमारास त्यावर एक पुस्तिकाही लिहिली होती. आज मागे वळून पाहता त्यांचा मेथाडोनवरचा राग पुरता न्याय्य म्हणता येत नाही. त्या औषधाने असंख्य व्यसनी लोकांचे मृत्यू टळतात, हे पुढच्या दशकांतील अभ्यासांनी दाखवून दिले आहे. मात्र आपले दुःख आपल्याला न विचारता कोणीतरी परस्पर बाटलीत भरून ठेवले आहे, ही त्यांची भावना खोटी नव्हती.

सुई त्यांना भावली ती याच कारणाने. ती कुठल्या औषध कंपनीची नव्हती, तिला फारसा खर्च नव्हता, आणि, सर्वात महत्त्वाचे, ती स्वतः शिकता येत होती. केंद्रात राजकीय शिक्षण देणारा मुतुलू शकूर हा तरुण, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या टुपाक शकूर या गायकाचा सावत्र पिता, मॉन्ट्रियलला जाऊन ॲक्युपंक्चर शिकला. त्याच्याबरोबरचे इतरही शिकले. काल जे व्यसनी म्हणून आले होते, ते आज दुसऱ्याच्या कानात सुया टोचू लागले. काही काळाने विजेचे यंत्र बाजूला पडले. बिंदू हळूहळू पाचांवर स्थिरावले. त्यांतल्या एका बिंदूचे चिनी नाव 'शेन मन', म्हणजे चित्ताचे द्वार.

१९७८ च्या नोव्हेंबरात शहराच्या प्रशासनाने पोलीस पाठवून ते केंद्र उठवले. कारभारातल्या गैरव्यवहाराचे आरोप झाले. केंद्राच्या लोकांनी ते राजकीय सूड असल्याचे म्हटले. राजकारण हद्दपार झाले, सुई तेवढी राहिली. मायकेल स्मिथ या मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दुसऱ्या जागेत काम चालू राहिले, आणि १९८५ मध्ये या पाच सुयांच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शकूर पुढे १९८१ च्या एका सशस्त्र दरोड्याच्या खटल्यात दोषी ठरला. त्या दरोड्यात तिघांचे प्राण गेले होते. उपचार करणारा हात आणि शस्त्र उचलणारी चळवळ यांचा हा सांधा मला अस्वस्थ करतो, आणि तो गुळगुळीत करून सांगण्याची माझी इच्छा नाही.

स्मिथ यांच्या लेखनात एक गोष्ट वारंवार येते, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म तिच्यात आहे. लिंकनला येणाऱ्या माणसाला काहीही विचारले जात नसे. किती दिवस घेतोस, का घेतोस, लहानपणी काय घडले, काही नाही. यावे, गोलातल्या एखाद्या खुर्चीत बसावे, सुया घ्याव्यात, इतरांसोबत गप्प राहावे. बोलावेसे वाटेल त्या दिवशी बोलावे.

ही रीत आपत्तीच्या जागी कशी पोचली हे समजण्यासाठी तेव्हाच्या मानसोपचारातील एका फॅशनची आठवण करून द्यायला हवी. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी एक पद्धत मांडली होती. आघात झालेल्या लोकांना पहिल्या काही दिवसांतच गटाने बसवायचे, आणि काय पाहिले, काय वाटले ते प्रत्येकाकडून वदवून घ्यायचे. मनातले बाहेर पडले की मन हलके होते, हा आपल्यालाही पटणारा समज. अपघात, आगी, बँकेवरचे दरोडे, जिकडे तिकडे ही पद्धत राबवली गेली. मग कोणीतरी तपासून पाहिले. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्याकडून असे वदवून घेतले त्यांच्यापैकी २६ टक्के लोकांना तेरा महिन्यांनंतर आघातोत्तर ताणविकार आढळला. ज्यांना काहीच केले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होते. दोन्ही गटांत मुळातच काही फरक होता हे खरे. पण नंतरच्या चाचण्यांचा कलही तोच निघाला : फायदा नाही, झाला तर अपायच. दयाबुद्धीने केलेला प्रश्न जखमेत बोट घालणारा ठरू शकतो, हे आकड्यांनी सांगितले.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये समुपदेशकांचे थवे उतरले. त्याच शहरातल्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात लिंकनच्या परंपरेतील ॲक्युपंक्चरच्या जाणकारांनी खुर्च्या मांडल्या, आणि तो उपक्रम पुढे काही वर्षे चालला. अग्निशामक, पोलीस, ढिगारा उपसणारे, जवळचे माणूस गमावलेले, असे लोक तेथे येत. अग्निशामक दलातल्या माणसाला 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारले तर तो उठून जाण्याचीच शक्यता अधिक. सुयांसाठी कोट काढावा लागत नव्हता, नाव-गाव सांगावे लागत नव्हते, रडण्याची सक्ती नव्हती.

२९ ऑगस्ट २००५ ला कत्रिना चक्रीवादळ आले. बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच डायाना फ्रीड यांनी 'ॲक्युपंक्चरिस्ट्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था उभी केली आणि देशभरातून स्वयंसेवक लुइझियानात आले. छावणी, चर्चचे आवार, मदत वाटपाची जागा, जेथे सावली मिळेल तेथे खुर्च्यांचा गोल. घर गमावलेला माणूस, त्याला मदत देणारा सैनिक आणि दोघांची नोंद करणारी कारकून एकाच गोलात, कानांत सुया, डोळे मिटलेले. आपद्ग्रस्त आणि मदतनीस यांच्यातली भिंत अशी बसल्या बसल्या खाली येते. हजारो लोकांनी हा उपचार घेतला. दिवसचे दिवस न झोपलेले अनेकजण खुर्चीतच झोपी जात.

हे वाचताना मला आपल्याकडचे समाचाराला जाणे आठवते. मृत्यू झालेल्या घरी माणसे येतात, सतरंजीवर बसतात. कोणी फारसे बोलत नाही. काही वेळाने 'येतो' असे न म्हणताच उठून जातात. कसे झाले हे खोदून विचारणारा एखादा महाभाग असतोच, आणि घरच्यांना नकोसा होतो तोच. बसून राहणे हेच ज्याचे काम आहे, अशा माणसाला दुःखाच्या घरात जागा असते. मात्र परक्या माणसाला नुसतेच बसायला येता येत नाही. त्याला हातात काहीतरी घेऊन यावे लागते. सुई हे कदाचित ते निमित्त असावे.

'कदाचित' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. सुयांचा प्रत्यक्ष परिणाम काय, या प्रश्नाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००० साली कोकेनच्या व्यसनावरील ८२ रुग्णांच्या एका चाचणीत कानातल्या सुयांना भरघोस यश मिळाले होते. २००२ मध्ये त्याच संशोधकांनी सहा ठिकाणी, ६२० रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. ठरलेल्या जागी सुया, भलत्याच जागी सुया, आणि नुसत्या मन शांत करणाऱ्या चित्रफिती, असे तीन गट होते. तिघांत फरक पडला नाही. पहिल्या निकालाने ज्यांची कीर्ती झाली, त्यांनीच दुसरा निकाल छापला, हे त्यांना भूषणावह आहे. संपूर्ण शरीरावरील ॲक्युपंक्चरचे चित्र थोडे निराळे आहे. २००७ मध्ये आघातोत्तर ताणविकाराच्या ७३ रुग्णांवरील प्राथमिक चाचणीत सुया आणि गटाने केलेली बोधनवर्तन चिकित्सा दोन्ही सारख्याच उपयोगी ठरल्या. परंतु ते उपचार आठवडे-आठवडे चालणारे, एकेका रुग्णाला पाहून ठरवलेले होते. छावणीतल्या पाच सुयांना त्या पुण्याईवर जगता येणार नाही.

पूरक उपचारांच्या स्वयंसेवकांकडून होणारी मोठी चूक येथेच होते. 'लोक झोपले, शांत झाले, आभार मानू लागले' याचे 'आम्ही आघात बरा केला' असे रूपांतर परतीच्या विमानात होते. झोप लागणे ही लहान गोष्ट नाही. पण तिला झोपच म्हणावे. शिवाय सुई ही निरुपद्रवी प्रार्थना नव्हे. निर्जंतुक नसेल तर ती कावीळ आणि एचआयव्ही पसरवू शकते. कानाच्या कूर्चेला जंतुसंसर्ग झाला तर तो हट्टी असतो. जेथे पिण्याचे पाणी नाही, तेथे वापरलेल्या हजारो सुयांची विल्हेवाट कोण आणि कोठे लावणार, हा प्रश्न चित्तद्वाराच्या चर्चेआधी सुटायला हवा. आणि बाहेरून आलेला प्रत्येक माणूस छावणीतले एक अंथरूण व एक ताट घेतो.

२००४ च्या त्सुनामीनंतर नाना देशांच्या नाना उपचारकांची जी गर्दी किनाऱ्यांवर लोटली, तिच्या अनुभवातून शहाणे होऊन आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी २००७ मध्ये आपत्तीतील मानसिक आधाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. सुरक्षितता, अन्न, कुटुंबीयांची गाठ, अंत्यविधी करू देणे, या गोष्टी त्यांत मानसिक आरोग्याच्या पायाशी ठेवल्या आहेत. एकदाच भेटून आघात वदवून घेण्याच्या पद्धतीला त्यांनी नकार दिला. स्थानिक लोकांच्या स्वतःच्या रीतींना मान दिला. कानातल्या सुयांनाही यातून धडा घ्यावा लागला. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीत गेलेल्या स्वयंसेवकांनी स्वतः टोचत बसण्यापेक्षा तेथल्या लोकांना शिकवण्यावर भर दिला. लिंकनच्या तरुणांना हे १९७३ सालीच ठाऊक होते. साउथ ब्राँक्समध्ये बाहेरून कोणी येणार नव्हते, आणि शिकलेला माणूस कुठे परत जाणार नव्हता. तो तेथलाच होता.

दरम्यान सुई सैन्यातही शिरली. २००१ मध्ये अमेरिकी वायुदलातले डॉक्टर रिचर्ड नीमत्झाव यांनी वेदनाशमनासाठी कानातल्या पाच निराळ्या बिंदूंची पद्धत बसवली आणि तिला 'रणांगणातील ॲक्युपंक्चर' असे नाव दिले. येनानच्या बंडखोर सैन्यापासून निघालेली गोष्ट जगातल्या सर्वात बलाढ्य सैन्यापर्यंत येऊन पोचली.

मुतुलू शकूरला तीन दशकांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, असाध्य कर्करोगामुळे, डिसेंबर २०२२ मध्ये सोडण्यात आले. जुलै २०२३ मध्ये तो वारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित मनोविकार नियतकालिकात युद्धावरून परतलेल्या ९३ सैनिकांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला : खऱ्या जागी टोचलेल्या सुया खोट्या उपचारापेक्षा सरस ठरल्या होत्या. तीही चाचणी संपूर्ण शरीरावरील ॲक्युपंक्चरची होती, कानातल्या पाच सुयांची नव्हे. त्या पाच सुयांचा दावा आजही २००२ मध्ये होता तेथेच उभा आहे, आणि खुर्च्या तरीही मांडल्या जातात.